मिरचीचा खोकला

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर परवा पुन्हा मिरच्या पडल्या. ‘गच्चीत वाळवण घालू नये’ अशी पाटी आहे, आणि बरोबर त्या पाटीच्या खाली तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी जुनी चादर अंथरून, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवून संकेश्वरी मिरची पसरली आहे. मी कपडे काढायला वर गेले होते. दार ढकललं आणि तो गरम, तिखट, जरासा गोडसर वास नाकात शिरला. तीन शिंका आल्या, मग खोकला. वहिनी हसून म्हणाल्या, “तुम्हाला सवय नाही वाटतं मिरचीची.” मीही हसले. सवय आहे हो. सवयच नडली. पण गच्चीत कपड्यांचे चिमटे हातात धरून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

मी जूचंद्रला राहते. म्हणजे मूळ गावात नव्हे, गावाचं नाव लावून उभ्या राहिलेल्या इमारतींत. इथे ऋतू कळायला कॅलेंडर लागत नाही. चैत्र लागला की बाजारातल्या हातगाड्या लाल होतात. कांडपाच्या गिरणीसमोर डबे आणि पिशव्यांची रांग लागते, आणि वालीवच्या कारखान्यांतून सुटलेल्या बायका ओढणीने नाक झाकून त्या रांगेत उभ्या राहतात. पश्चिमेकडच्या वाड्यांत बिअरच्या रिकाम्या बाटल्या धुऊन, कुंपणाच्या काठ्यांवर उलट्या घातलेल्या दिसतात. तपकिरी काचेतून ऊन आत जात नाही, म्हणून मसाला त्यातच भरायचा, लाकडी दांडीने ठासून. नीट ठासला तर वर्षभर रंग उतरत नाही. आमचा सबंध तालुका या दिवसांत शिंकत असतो आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही.

माझं काम समुपदेशकाचं. शब्द मोठा आहे, काम साधं आहे. एचआयव्हीचं औषध घेणारी माणसं येतात, त्यांच्याशी बोलायचं, आणि मुख्य म्हणजे त्यांचं ऐकायचं. वीसेक वर्षं हेच करते आहे. सुरुवातीला माणसं मूठभर गोळ्या घ्यायची आणि तरी जायची. आता एक गोळी, रोज. ती रोज घेतली की विषाणू रक्तात इतका दबतो की तपासणीत सापडतसुद्धा नाही. मग माणूस कामाला जातो, लग्नकार्यात मिरवतो, आणि त्याच्याशी संबंध आला म्हणून जोडीदाराला लागणही होत नाही. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की कधीकधी बोलता बोलता भाजी काय करायची हे ठरवते. पण गोळीत खंड पडला, की विषाणू डोकं वर काढतो आणि हळूहळू औषधाला सरावतो. हे वाक्य सांगताना मात्र मी अजूनही समोरच्याच्या डोळ्यांत बघते.

काही वर्षांपूर्वी मी एका अभ्यासावर होते. महिन्याला एक बाटली देण्याऐवजी तीन महिन्यांचं औषध एकदम दिलं तर माणसं तितकीच नेमाने घेतात का, एवढाच प्रश्न होता. काहींना एक बाटली, काहींना तीन. परत येताना बाटली आणायची, उरलेल्या गोळ्या मी निळ्या ट्रेमध्ये ओतायच्या, चपट्या पट्टीने पाच-पाच करून मोजायच्या आणि कागदावर आकडा टाकायचा. वर्षातून एकदा रक्तातला विषाणू मोजायचा. माणूस काय सांगतो, बाटली काय सांगते आणि रक्त काय सांगतं, या तिघांचा मेळ बसला की काम झालं.

बाटलीची एक गंमत सांगते. ती वाजते. तीस गोळ्यांची प्लॅस्टिकची बाटली पिशवीत घालून चार पावलं चाला, खुळखुळ्यासारखी वाजते. ज्याला कधी ती लपवावी लागली नाही त्याला हा आवाज ऐकूच येत नाही. औषध शोधणाऱ्या शास्त्रज्ञांनाही आला नसावा. आमची माणसं बाटलीत कापूस कोंबतात. लेबल नखाने खरवडतात. एक गृहस्थ गोळ्या देवघरातल्या कापराच्या डबीत ठेवायचे.

यमुनामावशी चंचीत ठेवायची. यमुना हे मी इथे ठेवलेलं नाव. गोळ्या कागदात बांधून पान, सुपारी आणि तंबाखू यांच्या बाजूच्या कप्प्यात. कापडाला आवाज नाही, आणि बाईमाणसाची चंची कोण उघडून बघतो. ती गावातली, पंचेचाळिशीची, हाडापेराने मोठी. नवरा याच आजाराने गेला होता. पावसाळ्यात भाताच्या शेतात, थंडीत मिळेल ते, आणि चैत्र-वैशाखात मसाला कुटायला वाड्यावाड्यांतून. तिच्या तळहातांना मुसळाने पडलेले घट्टे होते. मी बी.पी.चा पट्टा बांधताना ते हाताला लागायचे.

तिची बाटली दर महिन्याला रिकामी यायची. शिल्लक शून्य. फेब्रुवारी शून्य, मार्च शून्य. मला तिचं फार कौतुक. शिकलेली, नोकरीवाली माणसं ट्रेमध्ये सात-आठ गोळ्या सांडून “अहो, धावपळीत राहिलं” म्हणायची, तेव्हा मी मनात यमुनामावशीचं उदाहरण द्यायचे. एकदा मीटिंगमध्ये खरोखरच दिलं.

मग तिच्या वार्षिक तपासणीचा कागद आला, आणि रक्त काही वेगळंच सांगत होतं. विषाणू दबलेला नव्हता. चांगला माजला होता.

डॉक्टरांनी कागद दोनदा बघितला. सज्जन माणूस, कायम झोप अपुरी असल्यासारखा. म्हणाले, “गोळ्या तर सगळ्या घेतेय. म्हणजे औषध लागू पडत नाहीये. बदलावं लागेल बहुतेक.” औषध बदलायचं म्हणजे मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात खेपा, जास्त गोळ्या, जास्त त्रास, आणि त्यापुढे फारशा वाटा उरत नाहीत. मी म्हटलं, आधी बोलते तिच्याशी. पण तिच्या तारखेला ती आलीच नाही. दोन फोन केले, लागले नाहीत. घरी गेले तर शेजारीण म्हणाली, “ती मसाल्याला गेलीय, राजोडीकडं. चार दिस तरी येत नाय.”

आमच्या कामात माणसाला शोधायला गेलं तर आपण कोण हे सांगायचं नसतं. मग काय म्हणून जायचं? मी मसाला कुटून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक झाले. राजोडीच्या अलीकडे एक वाडी, विहिरीच्या कडेने केळी, आणि मागच्या अंगणात चुलाणावर मोठी कढई. घरमालकीण रोझीबाय कढईत मिरच्या परतत होती. तिने वर न बघता विचारलं, “किती किलोची करायची?” मी काहीतरी म्हणावं म्हणून पाच किलो म्हटलं. त्या वर्षी घरात तीन माणसांना चार वर्षं पुरेल इतका मसाला झाला. नवरा अजून बोलून दाखवतो.

अंगणाच्या मधोमध लाकडी उखळ. एका बाजूला यमुनामावशी, दुसऱ्या बाजूला तिची जोडीदारीण. तिला द्रौपदा म्हणू या. सडपातळ, काळीसावळी, पदर कमरेला खोचलेला. मुसळं त्यांच्यापेक्षा उंच. एक वर गेलं की दुसरं खाली. एक खाली की दुसरं वर. एकमेकींकडे बघत नव्हत्या, मोजत नव्हत्या, तरी एकदाही मुसळाला मुसळ लागलं नाही. रोझीबाय म्हणाली, “वीस वर्सं झाली या दोघी कुटतात. एक आजारी पडली तर दुसरी येतच नाय. जोडीशिवाय हे काम नाय.” मिरचीचा लाल धुरळा उन्हात तरंगत होता. सगळ्यांना खोकला लागलेला. रोझीबाय खोकत होती, मी खोकत होते, कोपऱ्यात बांधलेलं कुत्रंसुद्धा शिंकत होतं. द्रौपदा मुसळ थांबवून, वाकून खोकली, तोंड पुसलं आणि पुन्हा सुरू झाली.

यमुनामावशीने मला बघितलं होतं. ओळख दाखवली नाही.

दुपारी दोघी विहिरीच्या सावलीत जेवायला बसल्या. एकाच डब्यात भाकरी आणि सुकट. मी हात धुण्याच्या निमित्ताने तिकडे गेले. जेवण झालं, यमुनामावशीने चंची सोडली, आतला कागद उलगडला, एक गोळी काढली आणि द्रौपदाच्या तळहातावर ठेवली. तिने ती पाण्याबरोबर गिळली. यमुनामावशीने कागद घडी करून परत ठेवला. स्वतः घेतली नाही.

मी तिथेच उभी राहिले. ओला हात साडीला पुसायचाही राहिला.

“तुना दिसलं ना,” यमुनामावशी म्हणाली. “बरं झालं. मना सांगायचं व्हतंच. बस. हिला ठाव हाय तू कोन ती.”

“मावशी, किती दिवस चाललंय हे?”

“दिवाळीपासनं. एक दिस मी घेतं, एक दिस ही घेतं.”

हे ती इतक्या सरळ बोलली की मला रागावताच येईना. द्रौपदाचा नवरा टेम्पो चालवायचा, तो गेल्यावर तिने विरारला कुठल्यातरी लॅबमध्ये रक्त तपासलं होतं, आणि निकालाचा कागद चुलीत घातला होता. हे फक्त यमुनामावशीला माहीत. डबा एक, पाण्याचा तांब्या एक, मुसळ पाळीने. गोळीही पाळीने. यात काही चुकतंय असं त्या दोघींना वाटावं तरी का? आयुष्यभर त्यांनी प्रत्येक जड काम असंच पेललं होतं.

मी समजावलं. एक दिवसाआड घेतली तर दोघींपैकी कुणालाच पुरत नाही, उलट औषधच निकामी होतं. यमुनामावशीच्या रक्ताचा निकाल सांगितला. तिने तो ऐकला आणि विचार करून म्हणाली, “मंग तू एक बाटली जास्तीची दे. तुज्याकडं कपाटभर हायत.”

“तशी देता येत नाही, मावशी. यांनी यायला हवं. नाव घालायचं, रक्त बघायचं, डॉक्टर तपासणार, मग यांना यांची बाटली.”

द्रौपदा तेव्हा पहिल्यांदा बोलली. “मी नाय यायची. केसपेपरच्या खिडकीत माज्या जावेचा भाऊ बसतं. त्यानं माजं नाव लिवलं, का सांजला गावभर.”

विषाणूचं पोट फाडून आत काय आहे ते बघणारी विद्या झाली, पण केसपेपरच्या खिडकीवर काही औषध निघालेलं नाही. मी म्हटलं, मी स्वतः पेपर काढते, तुम्ही खिडकीकडे येऊच नका. नाहीतर दुसरीकडे जाऊ, लांबच्या केंद्रात, मी सोबत येते. तिने रिकामा डबा विसळून बाजूला ठेवला. खोकली. मग म्हणाली, “हंगाम सरू दे. दोन आठवडे. आता मी गेलं तर हिची जोडी मोडंल. हंगाम सरला का येतं.”

आणि मी म्हटलं, “बरं.”

हे ‘बरं’ मी किती वेळा मनात परत उच्चारून बघितलं आहे. थकलेली होते, हे खरं. ऊन होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, संध्याकाळच्या आत कागद भरायचे होते. समोरची बाई येते म्हणाली आहे, तिला फार ताणलं तर तीही जाईल आणि यमुनामावशीही जाईल, असा हिशेब होता. तो चुकीचा होता असं आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण एक गोष्ट मी करू शकले असते. आमच्याकडे चार प्रश्न असतात. खोकला आहे का, ताप येतो का, वजन उतरलं का, रात्री घाम येतो का. क्षय हा या आजाराचा जुना सोबती, म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला, प्रत्येक वेळी विचारायचे. वीस वर्षांत हे चार प्रश्न मी किती हजार वेळा विचारले असतील कोण जाणे. द्रौपदाला नाही विचारले. ती माझ्या यादीत नव्हती, आणि त्या अंगणात कुत्र्यासकट सगळेच खोकत होते.

मी तिला काय सांगितलं, तर, “तोंडाला फडकं बांधत जा.”

ती हसली. “मिरचीचा हाय बाई. दरवर्साचा. हंगाम सरला का जातं.”

निघताना यमुनामावशी वाडीच्या फाटकापर्यंत आली. “आजपासनं माज्या गोळ्या मीच घ्यायच्या?”

“तुम्हीच. रोज.”

“आनि ही?”

“त्या आल्या की मिळतील त्यांच्या त्यांना.”

पुस्तकात हेच लिहिलं आहे. तिने मान हलवली आणि परत गेली. मी रिक्षात बसेपर्यंत मागून मुसळांचा आवाज येत होता.

दोन आठवड्यांचे पाच झाले. मसाल्यानंतर कुणाकडे लग्न, मग पेरणी. मी दोनदा निरोप दिला, यमुनामावशी “आनतं, आनतं” म्हणत राहिली. आल्या तेव्हा पाऊस चांगला लागला होता, आणि मिरच्या सगळ्यांच्या बाटल्यांत कधीच बंद झाल्या होत्या. खोकला तेवढा राहिला होता. द्रौपदा यमुनामावशीच्या खांद्यावर भार टाकून आली. मी ठरल्याप्रमाणे केसपेपर स्वतः काढला. खिडकीतला माणूस मोबाइलमध्ये बघत होता, त्याने नाव वाचलंसुद्धा नाही.

एक्स-रे बघून डॉक्टरांनी विचारलं, “हा खोकला कधीपासून?”

“मिरच्या उन्हात घातल्या तवापासनं,” यमुनामावशी म्हणाली.

मी शेजारी उभी होते. बोलायला हवं होतं की मला माहीत होता तो खोकला, मी त्याच्यासमोर उभी राहून आले होते.

क्षयाची औषधं सुरू झाली, पंधरा-वीस दिवसांनी एचआयव्हीची गोळीही सुरू झाली, तिची स्वतःची बाटली, तिच्या नावाची. बाटली हातात घेतल्यावर तिने ती कानाशी नेऊन हलवली आणि “वाजतं” म्हणाली. श्रावण संपता संपता ती गेली. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला होता, काही महिने आधी आली असती तरी सांगता आलं नसतं. ते मला धीर देण्यासाठी बोलले, आणि मी तो घेतलाही. पण असला धीर फार दिवस टिकत नाही.

पुढच्या तारखेला यमुनामावशी दोन बाटल्या घेऊन आली. एक तिची, रिकामी. दुसरी टेबलावर ठेवून म्हणाली, “हिच्या उरल्या.” द्रौपदा अभ्यासात नव्हती, तिच्या गोळ्या मोजायचं कारण नव्हतं. तरी मी ट्रे ओढला, ओतल्या, पट्टीने पाच-पाच केल्या. बावीस. आकडा टाकायला कागद नव्हता. यमुनामावशी बघत होती. मोजून झाल्यावर म्हणाली, “तवा एवढ्या जास्तीच्या मिळत्या, तर मना पुरल्या असत्या, नि तिलाबी.” मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. तिने पदराने माझे डोळे नाही, ट्रेचा काठ पुसला, जिथे पाण्याचा थेंब पडला होता.

यमुनामावशीच्या मागच्या महिन्यांच्या कागदावर ‘गोळ्या चुकण्याचं कारण’ असा रकाना होता. विसरले, प्रवास, त्रास झाला, संपल्या, इतर. मी ‘इतर’वर खूण करून लिहिलं, ‘वाटून घेतल्या’. डॉक्टरांनी वाचलं आणि म्हणाले, हे आपल्या प्रश्नांत नव्हतंच. पुढच्या अभ्यासात हा प्रश्न घातला गेला. चांगलंच झालं. एका बाईच्या जाण्यातून एका ओळीची भर पडली. ज्ञान असंच वाढत असेल तर वाढो, पण मला त्या ओळीचा आनंद मानता येत नाही.

आता नव्या गोष्टी येताहेत. महिनोन्‌महिने टिकणारं इंजेक्शन आहे म्हणतात, लागण होऊच नये म्हणून सहा महिन्यांतून एकदा टोचायचंही निघालं आहे. आमच्यापर्यंत कधी पोचेल ते पोचो. प्रशिक्षणात त्याची चित्रं दाखवली तेव्हा सगळे त्याचे फायदे सांगत होते. खुळखुळत नाही, लपवावं लागत नाही. मी मागच्या रांगेत बसून वेगळाच विचार करत होते, की टोचून घेतलेलं औषध काढून कुणाला देता येत नाही. हा फायदा की तोटा, हे माझं मलाच ठरवता येईना. थंड चहा प्यायले आणि घरी आले.

यमुनामावशी अजून येते. औषध बदलावं लागलं नाही. रोज घ्यायला लागल्यावर तीन-चार महिन्यांत विषाणू खाली बसला, तो आजतागायत वर आलेला नाही. हाताने कुटणं तिने सोडलं. रोझीबायने दुसरी जोडीदारीण शोधून दिली होती, पण दोन दिवसांत मुसळाला मुसळ लागलं. आता हंगामात ती कांडपाच्या गिरणीत यंत्रात मिरच्या सोडायला बसते, तोंडाला फडकं बांधून. दर वैशाखात माझ्यासाठी एक बाटली मसाला आणते. मी नको म्हणत नाही. तो घालून कालवण केलं की पहिल्या घासाला ठसका लागतो, आणि घरात कुणी ठसकलं की मी चमच्यासकट थांबते. दुसऱ्या दिवशी, अजून खोकताय का, असं विचारते. मुलगी वैतागते.

गच्चीत मिरच्या पडल्या त्याच आठवड्यात तिची तारीख होती. आली, पाय दुखतात म्हणाली, केस पार पांढरे झालेत. मी चार प्रश्न विचारले, एकेक, सावकाश. बाटली ओतली. ट्रेमध्ये काही नव्हतं. मग नेहमीचा प्रश्न, जो विचारल्याशिवाय कागद पुढे जात नाही.

“मावशी, किती चुकल्या या महिन्यात?”

“एक पन नाय,” ती म्हणाली. “रोज घेतं. एक दिस माजी, एक दिस तिची.”

मी शून्य लिहिलं.